लेप चढवलेल्या फुलोऱ्याला ‘गांजा’ म्हणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात ‘हायड्रोपोनिक गांजा’ सापडल्याच्या बातम्या गेली काही वर्षे मराठी वृत्तपत्रांत वारंवार येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्या विमानांच्या असतात. या बातम्यांत मालाचे वजन आणि बाजारातील किंमत नेमकी दिलेली असते. माल काय आहे हे मात्र ‘उच्च प्रतीचा गांजा’ किंवा ‘विदेशी गांजा’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेले असते. मी गेली एकवीस वर्षे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि शिक्षणासाठी इकडे आलेल्या अनेक मराठी मुलांच्या घरच्यांशी माझा संबंध येतो. इथे आज जे विकले जाते त्याचा एक मोठा भाग ‘गांजा’ या शब्दात मावत नाही, आणि तो शब्द वापरल्यामुळे मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची गंभीर फसगत होते, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी हायड्रोपोनिक या शब्दाविषयी. त्याचा अर्थ एवढाच की झाड मातीत न वाढवता पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर, बहुधा बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात वाढवलेले आहे. असा फुलोरा आपल्याकडच्या रानातल्या मालापेक्षा बराच तीव्र असू शकतो, पण तो शेवटी फुलोराच असतो. मी ज्याविषयी लिहिते आहे ती वस्तू याच्या पुढची आहे. वाळवलेली कळी गांजाच्या घट्ट तेलात, म्हणजे अर्कात, बुडवायची किंवा तिच्यावर तो अर्क फवारायचा, आणि मग ती ओलसर कळी राळेच्या बारीक पुडीत घोळवायची. बाजारात तिला ‘मूनरॉक’ म्हणतात. पूड न लावता नुसते तेल चढवलेल्या मालाला ‘कॅव्हियार’ असे नाव आहे, आणि वरून अर्काचे पांढरे स्फटिक चिकटवलेला माल ‘स्नोकॅप’ या नावाने विकला जातो. परवानाधारक दुकानांतल्या पाकिटांवर बहुधा ‘इन्फ्यूज्ड’ हा शब्द छापलेला असतो. नावे आकर्षक आहेत, आणि त्यांपैकी एकाही नावावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही.

आपल्या वाचकांना हे समजायला संक्रांतीचा हलवा पुरेसा आहे. तिळाचा एक दाणा परातीत घेऊन त्यावर पाकाचे थेंब सोडत, मंद आचेवर हलवत राहिले की थरावर थर चढतो, काटा फुटतो आणि शेवटी हातात येतो तो साखरेचा दाणा. आत तीळ असतो, परंतु आपण त्याला तीळ म्हणत नाही, हलवा म्हणतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला ‘तीळच आहे, खा’ असे सांगत नाही. लेप चढवलेल्या कळीचे अगदी तसेच आहे. आत गांजाची कळी असते, पण नशेचा मोठा भाग त्या कळीचा नसून वरच्या थरांचा असतो.

हे थर कशाचे असतात तेही सांगायला हवे. गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर, भिंगातून पाहिल्यास, अळंबीच्या आकाराचे सूक्ष्म केस दिसतात आणि त्यांच्या टोकाशी चिकट राळ भरलेली असते. नशा आणणारे द्रव्य प्रामुख्याने या राळेतच असते. ते द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. हे केस झाडून, चाळून गोळा केले की जी पिवळसर पूड मिळते तिला इथे ‘कीफ’ म्हणतात. आपल्याकडे ही राळ हाताने चोळून काढली की तिचा चरस होतो. विद्रावक वापरून तीच राळ ओढून घेतली की तेल मिळते. फुलोऱ्यात, तापवल्यावर मिळणाऱ्या टीएचसीचे प्रमाण सर्वसाधारणपणे १५ ते २५ टक्के, पुडीत त्याच्या दुप्पट किंवा अधिक, आणि तेलात ६० ते ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकते. हे तिन्ही एकत्र आणल्यावर विक्रेते ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा अभिमानाने सांगतात. तुलनेसाठी एवढेच नोंदवते की अमेरिकेत जप्त केलेल्या गांजाच्या नमुन्यांत टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते आणि २०१४ पर्यंत ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले होते. मिसिसिपी विद्यापीठातील प्रयोगशाळा ही मोजणी वर्षानुवर्षे करत आली आहे. ही वाढसुद्धा साध्या फुलोऱ्याची आहे.

आता ज्या प्रसंगाने मला हे पत्र लिहायला लावले तो सांगते. गेल्या हिवाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास सांगलीहून आमच्या परिचयाच्या एका बाईंचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेनऊ झाले होते. “वहिनी, तुम्ही जवळ आहात, जरा जाऊन बघता का? तो काहीतरी वेगळंच बोलतोय,” एवढेच त्या बोलू शकल्या. त्यांचा मुलगा इथे पदव्युत्तर शिक्षण घेतो. मी पोहोचले तेव्हा तो न्हाणीघरात फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसला होता. दोनदा उलटी झाली होती, अंगाला घाम होता, नाडी मिनिटाला १४० च्या घरात होती. “काकू, वेळ पुढे सरकतच नाहीये, माझं हृदय थांबणार आहे,” हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्याबरोबर राहणारा दुसरा मराठी मुलगा घाबरलेला होता, तरी मला समजावत होता, “काकू, साधा गांजाच आहे. आमच्या गावच्या मठातले बाबा रोज ओढतात, त्यांना कधी काही झालं नाही.”

टेबलावर काचेची एक छोटी बरणी होती. आत सुक्या अंजिराएवढा एक गोळा होता, वरून हिरवट पिवळ्या पुडीने माखलेला, शेवाळ चढलेल्या खड्यासारखा. त्याचा एक कोपरा कात्रीने तोडला होता. आतली तपकिरी राळ कात्रीच्या पात्याला लागून, गुळाच्या पाकाची तार ओढली जावी तशी ओढली गेली होती आणि तशीच वाळली होती. बरणी दुकानातून आणलेली नव्हती. दुसऱ्या राज्यातून टपालाने मागवली होती आणि लेबलावर ठळक अक्षरांत ‘हेम्प’, म्हणजे नशा न आणणारे गांजाचे झाड, असे छापलेले होते. त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या : डेल्टा-९ टीएचसी ०.२ टक्के, टीएचसीए ४६ टक्के. मुलांनी पहिली ओळ वाचली होती, आणि ०.२ टक्के म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असा तिचा अर्थ लावला होता. अभियांत्रिकी शिकणारी हुशार मुले आहेत ती. दुसरी ओळ काय सांगते हे त्यांना कोणी शिकवलेलेच नव्हते.

जिवंत झाडात आणि वाळलेल्या फुलोऱ्यात टीएचसी (लेबलावरचे ‘डेल्टा-९ टीएचसी’ ते हेच) फार थोडे असते. त्याचे आम्लरूप, म्हणजे टीएचसीए, भरपूर असते, आणि या रूपात त्याची नशा जवळपास चढत नाही. त्याला उष्णता मिळाली की त्यातून कर्बवायू निघून जातो आणि उरते ते टीएचसी. म्हणजे काडी लावताच दुसऱ्या ओळीतला आकडा पहिल्या ओळीत येऊन बसतो. वायू निघून गेल्यामुळे वजन थोडे घटते, म्हणून टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणतात आणि त्यात मूळ टीएचसी मिळवतात. त्या बरणीचा हिशेब असा होतो : ४६ गुणिले ०.८७७ म्हणजे ४०.३, अधिक ०.२, म्हणजे एकूण सुमारे ४०.५ टक्के. अर्धा ग्रॅम मालात २०० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी. चार टक्क्यांच्या जुन्या गांजाच्या अर्ध्या ग्रॅममध्ये ते २० मिलिग्रॅम असते. अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२१ पासून संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम हे टीएचसीचे प्रमाण एकक धरले आहे. त्या मापाने एकीकडे ४ एकके होतात आणि दुसरीकडे ४०. ओढलेल्या धुरातून यातले सगळे शरीरात जात नाही हे खरे आहे, पण ते दोन्ही बाबतींत जात नाही, त्यामुळे दहापट हे अंतर तसेच राहते. मठातल्या बाबांचा दाखला त्या रात्री कामाला का आला नाही याचे उत्तर या गुणाकारात आहे.

रुग्णवाहिका बोलवायला मुले तयार नव्हती. व्हिसा जाईल, विद्यापीठाला कळेल, ही भीती. त्या भीतीने दोन तास वाया गेले होते, आणि माझ्या मते त्या रात्रीतली सर्वांत धोकादायक गोष्ट तीच होती. अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला, आलेल्या माणसाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते; त्याचे नागरिकत्व काय, विमा आहे की नाही, हे प्रश्न त्याच्या आड येत नाहीत. विषबाधेसंबंधी सल्ला देणारा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक देशभर अहोरात्र चालू असतो. तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये असावा. आम्ही त्या मुलाला रुग्णालयात नेले. या अवस्थेवर उतारा म्हणून द्यायचे असे ठरावीक औषध नाही. शांत, मंद उजेडाची खोली, सलाइन, उलटी थांबवणारे आणि घबराट कमी करणारे औषध, हृदयावर लक्ष, आणि सोबतीला माणूस, एवढेच उपचार असतात आणि बहुतेक वेळा ते पुरतात. सकाळी सहा वाजता तो झोपला.

त्याचे निभावले. परंतु ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर कोणी विसंबू नये, कारण खरा धोका एका रात्रीचा नसून सवयीचा आहे. लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील शहरे आणि ब्राझील मिळून ११ ठिकाणी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, १० टक्के किंवा त्याहून अधिक टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचा पहिला झटका येण्याची शक्यता, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट होती. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, प्रत्येक रुग्णाचे कारण सिद्ध होत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण त्या अभ्यासात ‘तीव्र’ या गटाची सुरुवातच १० टक्क्यांपासून होते आणि आपण बोलतो आहोत ते ४० टक्क्यांविषयी. दुसरा त्रास सतत उलट्यांचा. दीर्घकाळ रोज ओढणाऱ्यांना उलट्यांचे असे झटके येतात की फक्त गरम पाण्याच्या धारेखाली उभे राहिल्यावर बरे वाटते. २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी या आजाराचे प्रथम वर्णन केले. पोटाच्या सगळ्या तपासण्या करून दमलेली आणि दिवसातून पाच-सहा वेळा अंघोळ करणारी दोन तरुण मुले मी स्वतः आमच्या औषधाच्या खिडकीशी पाहिली आहेत, आणि दोघांनाही आपल्या आजाराचे कारण ठाऊक नव्हते.

लेपामुळे आणखी एक अडचण होते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नुसती कळी हातात घेतली की रंग, वास, बुरशी, ओलावा याचा काही अंदाज डोळ्यांना येतो. तेल आणि पूड चढवल्यावर आतली कळी दिसतच नाही. शिळा, निकृष्ट माल खपवण्याचा तो सोपा मार्ग ठरतो. झाडावर फवारलेले कीटकनाशक अर्क काढताना राळेबरोबर ओढले जाते आणि त्याचेही प्रमाण वाढते. ब्यूटेनसारखा विद्रावक नीट काढला नाही तर त्याचा अंश मागे राहतो. शिवाय थर सगळीकडे सारखा बसत नाही. बाहेरचा तुकडा एक प्रमाण देतो, आतला दुसरे. त्यामुळे एकाच बरणीतल्या दोन चिमट्यांचा परिणाम वेगवेगळा होतो आणि लेबलावरचा आकडा सरासरीपुरता उरतो. मुळात लेबलाचाही भरवसा मर्यादितच आहे. कोलोराडोतील दुकानांतून घेतलेल्या साध्या फुलोऱ्याच्या २३ नमुन्यांची तपासणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी लेबलापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक फरकाने कमी निघाले. म्हणजे तिथे आकडे फुगवलेले होते, कारण मोठा आकडा खपतो. परंतु एका बरणीच्या फुगलेल्या आकड्याची सवय झालेला मुलगा दुसरी बरणी खऱ्या आकड्याची निघाली की फसतो.

परवान्याबाहेरच्या बाजारात तर लेप कशाचा आहे हेच ठाऊक नसते. प्रयोगशाळेत बनवलेली, टीएचसीसारखी पण त्याहून कितीतरी प्रबळ रसायने वनस्पतीवर फवारून विकण्याचा प्रकार दीड-दोन दशके जुना आहे. २०१६ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात अशाच मालाने एका दिवशी ३३ जण रस्त्यावरच सुन्न होऊन पडले होते. २०१८ साली इलिनॉय राज्यात अशा मालात उंदीर मारण्याचे औषध मिसळलेले निघाले. दीडशेहून अधिक माणसांना रक्तस्राव झाला आणि काही दगावली. युरोपात २०२० पासून नशारहित हेम्पच्या फुलोऱ्यावर अशी रसायने फवारलेली सापडू लागली, आणि दिसायला, वासाला तो फुलोरा खऱ्या गांजासारखाच होता. रुग्णालयातील नेहमीच्या लघवीच्या चाचणीत ही कृत्रिम रसायने दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांनाही अंधारात चाचपडावे लागते. त्या मुलाच्या बाबतीत काही तास आम्हाला हीच धास्ती होती.

हा माल टपालाने घरपोच येतो तरी कसा, असा प्रश्न सांगलीच्या त्या बाईंनी मला विचारला होता, आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक डेल्टा-९ टीएचसी नसलेल्या झाडाला ‘हेम्प’ ठरवून अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढले. हेतू दोरखंड, कापड, बियांचे तेल यांच्या शेतीला मोकळीक देण्याचा होता. पण व्याख्येत टीएचसीएचा हिशेब ठळकपणे न धरल्यामुळे, काडी लावेपर्यंत ‘हेम्प’ आणि काडी लावल्यावर तीव्र नशा, असा माल उघड विकला जाऊ लागला. पेट्रोलपंपांवरच्या दुकानांतही तो मिळतो आणि तिथे वय विचारले जाईलच असे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही व्याख्या बदलणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. नव्या व्याख्येनुसार टीएचसीए धरून एकूण टीएचसी मोजायचे आहे आणि तयार मालाच्या प्रत्येक डबीत ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्याची अंमलबजावणी एक वर्षानंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२६ पासून, ठरवलेली होती. राज्यांच्या परवानाधारक दुकानांचा मार्ग वेगळा आहे. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरील व्यक्तींना विक्री सुरू झाली. व्हरमाँट राज्याने आपल्या कायद्यात फुलोऱ्यासाठी ३० टक्के टीएचसीची कमाल मर्यादा घातली, आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतानेही ३० टक्क्यांवरचा माल बंद ठेवला. मला ही मर्यादा योग्य वाटते. दारूच्या बाबतीत बिअर आणि चाळीस टक्क्यांची दारू एकाच नावाने, एकाच पेल्यात कोणी विकत नाही. गांजाच्या बाबतीत नेमके तेच चालू आहे.

काही सुशिक्षित वाचक यावर १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाचा दाखला देतात. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या या आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही असा निष्कर्ष काढला. आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही गांजाची लागवड होत असे. तो अहवाल आदराने वाचण्याजोगा आहे यात शंका नाही. परंतु आयोगाने पाहिलेला गांजा हा शेतात वाळवलेला फुलोरा होता. तीव्रतेचे भान तेव्हाच्या शेतकऱ्यांनाही होते. बंगालमध्ये शेतातली नर झाडे ओळखून उपटून टाकण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार बोलावत असत, कारण बी धरले की फुलोऱ्याचा कस जातो. तरीही फुलोऱ्यावर तेल आणि राळ चढवलेली वस्तू त्या साक्षीदारांपैकी कोणी ओढलेली नव्हती. त्यांच्या अनुभवाच्या आधारे आजच्या बरणीला निर्दोष ठरवणे हा त्या आयोगावरही अन्याय आहे.

‘गांजा’ या शब्दाने होणारी दुसरी फसगत भारतीय कायद्याची आहे, आणि सुटीत घरी येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. वेगळी काढलेली राळ कोणत्याही रूपात असली तरी ती ‘चरस’ या व्याख्येत येते, आणि हशीश तेलाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. या प्रकारांचे कोणतेही मिश्रणही कायद्याच्या कक्षेत आहे. गांजाची ‘अल्प मात्रा’ १,००० ग्रॅमपर्यंत धरली जाते. चरसाची मात्र फक्त १०० ग्रॅम. व्यापारी मात्रेची सीमा गांजासाठी २० किलो, तर चरसासाठी १ किलो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हिरा सिंग प्रकरणात असेही ठरवले की मिश्रण असल्यास त्यातील निष्क्रिय पदार्थासह एकूण वजन धरायचे. तेव्हा तेल आणि राळ चढवलेली कळी बॅगेत टाकून ‘थोडासा गांजा आहे’ अशा समजुतीने विमानात बसणारा मुलगा व्याख्येनुसार चरस किंवा चरस-गांजाचे मिश्रण घेऊन येत आहे, असे ठरू शकते. अल्प मात्रा असली तरी तो गुन्हाच आहे आणि एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. देशात आणणे हा आयातीचा वेगळा गुन्हा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही राज्याच्या परवानगीचा आधार पुरत नाही, कारण व्हिसा आणि प्रवेश हे केंद्रीय कायद्याचे विषय आहेत आणि विमानतळावरील अधिकाऱ्यासमोर दिलेली साधी कबुलीसुद्धा पुढचा प्रवेश नाकारायला कारण ठरू शकते.

महोदय, हे पत्र मुलांना दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. ज्या मुलाला मी फरशीवर बसलेला पाहिला तो सरळ, अभ्यासू मुलगा आहे आणि घरापासून दूर, थंडीत, परीक्षेच्या ताणात त्याने मित्राचा हात झिडकारला नाही, एवढाच त्याचा अपराध आहे. त्याच्या आईने नंतर त्याला ‘तू गांजा ओढतोस का?’ असे विचारले तेव्हा तो तडक ‘नाही’ म्हणाला, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खोटे नव्हते. बरणीवर हेम्प लिहिलेले होते. आईवडिलांनी प्रश्न विचारायचाच असेल तर तो रागाने न विचारता, ते काय होते, त्यावर काय चढवलेले होते, लेबलावर किती टक्के लिहिले होते, असा विचारावा. मुले अशा प्रश्नाला उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करते आहे. भारतात १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. घरातून उठून कुठे जाण्याआधी या क्रमांकांवर नुसते बोलता येते, हेही अनेकांना माहीत नसते.

आपल्याला विनंती अशी की, यापुढे अशा जप्तीची किंवा दुर्घटनेची बातमी देताना तो माल साधा फुलोरा होता, तेलाचा लेप चढवलेला होता की कृत्रिम रसायन फवारलेले होते, हे तपास यंत्रणेला विचारून छापावे, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला असेल तर टीएचसीचे प्रमाणही द्यावे. ‘लेपित गांजा’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही, कारण त्यातही मुख्य वजन गांजा या ओळखीच्या शब्दावरच पडते. ‘अर्क चढवलेला फुलोरा’ असे म्हटले तर लांब होते खरे, पण अर्क हा शब्द मराठी माणसाला थबकवतो. याहून चांगला शब्द आपल्या वाचकांपैकी कोणी सुचवला तर मी आनंदाने वापरीन.

त्या बरणीच्या लेबलाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. उत्पादकाचे नाव मी झाकले आहे, कारण असे लेबल लावणारा तो एकटा नाही. दोन्ही ओळी मात्र स्पष्ट दिसतील अशा ठेवल्या आहेत. शक्य झाल्यास त्या छापाव्यात, आणि दुसरी ओळ पहिलीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावी.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी